बी, माती आणि कासरा : यकृताच्या कर्करोगाच्या रेण्वीय कथनाची चिकित्सा

सारांश : यकृताचा कर्करोग कोणत्या रेणूंमुळे पसरतो आणि इम्युनोथेरपीला काही मोजकेच रुग्ण प्रतिसाद का देतात, या प्रश्नांची उत्तरे विज्ञान ज्या भाषेत देते ती भाषा रूपकांनी घडलेली आहे. युद्ध, बी-माती आणि लगाम ही त्यांतील तीन प्रमुख रूपके होत. प्रस्तुत लेखात या तीन रूपकांची, त्यांनी उजेडात आणलेल्या आणि झाकून ठेवलेल्या वास्तवाची चिकित्सा केली आहे. मुंबईच्या पेटंट कार्यालयाचा २०१२ चा सोराफेनिबविषयक आदेश आणि विदर्भाची परिस्थिती यांच्या आधारे या कथनाच्या मर्यादा तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : यकृत, कर्करोग, उत्परिवर्तन, इम्युनोथेरपी, रूपक, परिभाषा.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत यकृताला दोन नावे आहेत. एक ग्रंथातले आणि एक तोंडातले. ग्रंथात ते ‘यकृत’ असते. खाटकाच्या दुकानात तेच ‘काळीज’ म्हणून तोलले जाते. मात्र बोलीत आणि काव्यात शिरताच काळीज आपली जागा सोडते आणि हृदयाच्या शेजारी जाऊन बसते. माणसाचे काळीज फाटते, काळजाचे पाणी होते, आई मुलाला काळजाचा तुकडा म्हणते. धैर्य, माया आणि भीती या तिन्ही भावनांचे घर मराठी माणसाने या एका अवयवात मानले. परंतु त्याच अवयवाला प्रत्यक्ष आजार जडला की हा शब्द रुग्णाच्या मदतीला येत नाही. डॉक्टर ‘लिव्हर’ म्हणतात, अहवालावर इंग्रजी संज्ञा असते, आणि रुग्ण ‘लिव्हरमध्ये गाठ आहे’ एवढेच घरी येऊन सांगतो.

भाषेचा हा तुटलेला दुवा केवळ शब्दसंपत्तीचा प्रश्न नाही. यकृताच्या कर्करोगाविषयीचे ज्ञान गेल्या दोन दशकांत रेणूंच्या पातळीवर पोहोचले आहे. कोणते जनुक बदलते, कोणते प्रथिन पेशीला हालचाल करू देते, कोणता ग्राही प्रतिकारपेशीला थांबवितो, याची उत्तरे आज बऱ्याच अंशी दिली जातात. हे ज्ञान मराठीत येते तेव्हा त्याच्याबरोबर त्याची रूपकेही येतात. ती रूपके पारखून न घेता स्वीकारली गेली तर ज्ञानाचा अर्थ बदलतो, आणि येथे अर्थ बदलण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून साहित्यसमीक्षेने वापरलेली साधने या कथनाला लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. विज्ञानाच्या निष्कर्षांना आव्हान देणे हा या चिकित्सेचा हेतू नाही. ते निष्कर्ष कोणत्या शब्दांत आणि कोणाला वगळून सांगितले जातात, हे पाहणे हा आहे.

२. युद्धाचे रूपक आणि शत्रूचा शोध

२३ डिसेंबर १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ‘कर्करोगाविरुद्ध युद्ध’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. पुढे १९७८ मध्ये सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या ग्रंथात आजाराला चिकटलेल्या रूपकांची कठोर झडती घेतली. तरीही युद्धाची भाषा ओसरली नाही. मराठीतही ‘कर्करोगाशी झुंज’, ‘झुंज अपयशी ठरली’ हे प्रयोग मृत्युलेखांत नित्याचे झाले आहेत. या भाषेचा पहिला दोष असा की, मरण पावलेला रुग्ण पराभूत ठरतो. तिचा दुसरा दोष अधिक खोल आहे : ती शत्रू बाहेरून आला असे गृहीत धरते.

यकृताच्या कर्करोगाची रेण्वीय कथा या गृहीताला छेद देते. या कर्करोगात वारंवार आढळणारे तीन बदल म्हणजे टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातील बदल, टीपी-५३ जनुकातील बदल आणि बीटा-कॅटेनिन हे प्रथिन घडविणाऱ्या सीटीएनएनबी-१ जनुकातील बदल. यांपैकी पहिला अर्ध्याच्या आसपास वा त्याहून अधिक गाठींत आढळतो. उरलेले दोन साधारणपणे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात. टर्टचे काम समजून घेतले की युद्धाचे रूपक आपोआप ढासळते. पेशी प्रत्येक विभाजनात आपल्या गुणसूत्रांची टोके थोडी थोडी गमावते. ही टोके भरून काढणारे टेलोमरेज हे विकर प्रौढ यकृतपेशीत जवळजवळ बंद असते. यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली तर पेशी मेलेल्या पेशींची जागा भरण्यासाठी पुन्हा पुन्हा विभाजित होतात, टोके झिजतात आणि ऊतीत वण साचून सिरॉसिस होतो. अशा थकलेल्या यकृतात ज्या पेशीत टर्ट पुन्हा चालू होतो, तिला थांबण्याचे कारण उरत नाही. म्हणजे येथे ‘शत्रू’ ही शरीराची स्वतःचीच पेशी आहे, आणि तिचा गुन्हा एवढाच की डागडुजीचे काम तिने कधी संपविलेच नाही. कापले तरी पुन्हा वाढण्याची जी शक्ती यकृताचे भूषण मानली गेली, तिच्याच विकृत रूपातून हा रोग उभा राहतो.

युद्धाच्या भाषेत शत्रूला इतिहास नसतो. रेणूंना मात्र असतो. हिपॅटायटिस-बी विषाणू आपला जनुकीय अंश यकृतपेशीच्या जनुकसंचात घुसवितो आणि अनेकदा तो टर्टच्याच शेजारी जाऊन बसतो. बुरशी लागलेल्या मक्यात व भुईमुगात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष टीपी-५३ जनुकाच्या २४९ व्या संकेतस्थानावर एक ठरावीक बदल घडविते. हा बदल म्हणजे रेणूवर उमटलेला अन्नाचा ठसाच होय. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ मरण पावले, अशी नोंद आहे. तो तीव्र विषबाधेचा प्रसंग होता, कर्करोगाचा नव्हे. परंतु त्याच विषाचा अल्प मात्रेतील दीर्घकालीन संपर्क कर्करोगास कारणीभूत होतो. साठवणुकीची सोय नसलेले घर, भिजलेले धान्य फेकून देणे न परवडणारे कुटुंब आणि २४९ वे संकेतस्थान ही एकाच साखळीची कडी आहेत. ‘रेण्वीय कारण’ असे म्हणताना साखळीचे शेवटचे कडे तेवढे हाती घेतले जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

३. बी आणि माती

कर्करोगाच्या प्रसाराविषयीचे सर्वांत टिकाऊ रूपक शेतीतून आले आहे. १८८९ मध्ये इंग्लंडचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २४१ जणांच्या यकृतात कर्करोग पसरला होता, तर प्लीहेत केवळ १७ जणांच्या. रक्त तर दोन्ही अवयवांना पोहोचते. मग हा फरक का? पॅजेट यांचे उत्तर असे की, झाडाचे बी वाऱ्यावर सर्व दिशांना जाते, पण उगवते ते अनुकूल मातीतच. काळ्या मातीत कापूस आणि धानाच्या बांधीत धान हे जन्मापासून पाहणाऱ्या वैदर्भीय वाचकाला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या परंपरेतही या निरीक्षणाच्या जवळपास जाणारी नोंद आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एका अर्बुदावर उद्भवणाऱ्या दुसऱ्या अर्बुदाला ‘अध्यर्बुद’ आणि जोडीने वा एकामागून एक होणाऱ्या अर्बुदांना ‘द्विरर्बुद’ म्हटले असून ते असाध्य मानले आहे. यावरून सुश्रुताला आजच्या अर्थाने कर्करोगाचा प्रसार ज्ञात होता असा दावा करणे अतिव्याप्तीचे ठरेल. निरीक्षण आणि त्याची यंत्रणा यांतील अंतर मान्य करणे हाच पूर्वसूरींचा खरा सन्मान होय.

यकृताच्या कर्करोगात बी कसे सुटते, याचे रेण्वीय वर्णन आज बरेच तपशीलवार झाले आहे. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी होते. स्नेल, ट्विस्ट यांसारखी नियामक प्रथिने पेशीला तिचे स्थिर रूप टाकून फिरते रूप घ्यायला लावतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही विकरे भोवतालचे जाळे विरघळवितात. गाठ वाढते तसा तिच्या आत प्राणवायू अपुरा पडतो, त्यामुळे हिफ-१ हे प्रथिन सक्रिय होते आणि ते व्हीईजीएफ या रेणूद्वारे नव्या, गळक्या रक्तवाहिन्या मागविते. टीजीएफ-बीटा या रेणूची वर्तणूक तर विशेष उद्बोधक आहे. आरंभी तो पेशींची वाढ रोखतो आणि पुढे प्रसाराला साहाय्य करतो. एकाच रेणूला ‘चांगला’ वा ‘वाईट’ असे शिक्के मारणारे लोकप्रिय लेखन येथे तोकडे पडते. रेणूचा अर्थ वाक्यातील शब्दाप्रमाणे संदर्भावर ठरतो.

पॅजेट यांच्या रूपकाची मर्यादा मात्र यकृतातच उघडी पडते. त्यांच्या वर्णनात बी एका ठिकाणचे आणि माती दुसऱ्या ठिकाणची असते. यकृताचा कर्करोग फुप्फुसांत, हाडांत, अधिवृक्क ग्रंथीत जातो हे खरे. पण त्याआधी तो बहुधा प्रवेशिनी शिरेच्या फांद्यांतून स्वतःच्याच अवयवात पसरतो. शिवाय बहुसंख्य रुग्णांत तो सिरॉसिस झालेल्या यकृतात उगवतो. गाठ शस्त्रक्रियेने काढली तरी पाच वर्षांत सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत रोग पुन्हा दिसतो. यांपैकी काही जुन्या बियांची पैदास असते, तर काही त्याच नापीक झालेल्या रानातले नवे तण. म्हणजे येथे बी आणि माती वेगळी करता येत नाहीत. मातीच बी घडविते.

या मातीचा आणखी एक गुण आहे : ती सोशिक आहे. आतड्यातून येणारे सारे रक्त आधी यकृतात येते. त्यात अन्नाचे अंश असतात, जिवाणूंचे अवशेष असतात. या प्रत्येकावर प्रतिकारयंत्रणा तुटून पडली तर यकृत रोज जळत राहील. म्हणून कुप्फर पेशी आणि इतर घटक तेथे सहिष्णुतेचे वातावरण राखतात. १९६९ मध्ये रॉय काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांत यकृतारोपण करून दाखविले, तेव्हा प्रतिकार दडपणारी औषधे न देताही परके यकृत अनेक प्राण्यांत टिकले. दैनंदिन जीवनात जो सोशिकपणा तारक असतो, तोच गाठ उद्भवल्यावर मारक ठरतो. मराठीने धैर्याचे स्थान मानलेले काळीज प्रत्यक्षात शरीरातील सर्वांत सहनशील अवयवांपैकी एक आहे, हा विरोधाभास सूचक आहे.

४. लगाम की कासरा?

तिसरे रूपक इम्युनोथेरपीचे आहे. १९९२ मध्ये जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ या ग्राहीचा शोध लागला. १९९६ मध्ये अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ हा ग्राही अडविल्यास उंदरांतील गाठी नाहीशा होतात हे दाखविले. या दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी-पेशी या शरीरातील मारक प्रतिकारपेशी. पीडी-१ आणि सीटीएलए-४ हे त्यांना आवर घालणारे ग्राही. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल-१ हा रेणू पुढे करून तोच आवर स्वतःसाठी वापरतात. अ‍ॅटेझोलिझुमॅब, निव्होलुमॅब, ड्युर्व्हालुमॅब ही प्रतिपिंड-औषधे हा आवर काढून घेतात.

मराठीतील लोकप्रिय आरोग्यलेखनात या उपचारांचे वर्णन ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे उपचार’ असे केले जाते. प्रस्तुत चिकित्सेतील सर्वांत गंभीर आक्षेप या शब्दयोजनेवर आहे. ही औषधे शक्ती वाढवीत नाहीत; असलेल्या शक्तीवरचा ताबा सैल करतात. फरक बारीक वाटतो, पण त्याचे परिणाम मोठे आहेत. शक्ती वाढविणे हे कोणालाही निरपवाद हितकारक वाटते. ताबा सैल करणे हे जोखमीचे आहे हे सांगावे लागत नाही. बैलाचा कासरा सैल सोडला तर तो जोमाने चालेल, पण उभ्या पिकातही शिरेल. या औषधांनी सुटलेल्या टी-पेशी आतडे, फुप्फुस, थायरॉइड, त्वचा आणि खुद्द यकृत यांवरही चाल करू शकतात. यकृतारोपण झालेल्या रुग्णात आरोपित यकृत नाकारले जाण्याचा धोका असतो. आधीच सिरॉसिसने क्षीण झालेल्या यकृताला औषधजन्य दाह झाला तर राखीव बळ थोडेच उरते. कोविडच्या साथीनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द काढ्यांच्या आणि चूर्णांच्या वेष्टनांवर झळकू लागला. अशा काळात दोन्ही गोष्टींना एकच मराठी शब्द मिळाला तर रुग्णाने दोन्हींना एकाच मापाने मोजले याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

आता या उपचारांच्या यशाचे कथन पाहू. एकट्या निव्होलुमॅबची सोराफेनिबशी तुलना करणाऱ्या चेकमेट-४५९ या ७४३ रुग्णांच्या चाचणीत आयुर्मानाचा मध्यांक १६.४ महिने विरुद्ध १४.७ महिने आला. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएमब्रेव्ह-१५० या ५०१ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅटेझोलिझुमॅबच्या जोडीला व्हीईजीएफ अडविणारे बेव्हॅसिझुमॅब दिले गेले. एका वर्षानंतर जोड-उपचाराच्या गटात ६७.२ टक्के आणि सोराफेनिबच्या गटात ५४.६ टक्के रुग्ण हयात होते. पुढील पाठपुराव्यात आयुर्मानाचा मध्यांक अनुक्रमे १९.२ आणि १३.४ महिने आढळला. २०२२ मध्ये हिमालय या चाचणीने ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब यांच्या जोडीने तीन वर्षांनंतर ३०.७ टक्के रुग्ण हयात असल्याचे दाखविले. सोराफेनिबच्या गटात हे प्रमाण २०.२ टक्के होते. ही प्रगती निःसंशय आहे. व्हीईजीएफ हा रेणू केवळ रक्तवाहिन्या मागवीत नाही, तो टी-पेशींना गाठीबाहेर ठेवण्यासही मदत करतो. म्हणून त्याला अडविल्यावर कासरा सैल करण्याचा उपयोग वाढतो, ही उपपत्तीही सुसंगत आहे.

तरीही आयएमब्रेव्ह-१५० मध्ये गाठ लक्षणीय प्रमाणात आकसली ती प्रथम विश्लेषणानुसार २७.३ टक्के रुग्णांत. उरलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत तसे का झाले नाही, याचे उत्तर रेण्वीय कथन देऊ पाहते. बीटा-कॅटेनिन सक्रिय झालेल्या गाठी प्रतिकारपेशींना बोलावणारे संकेत कमी सोडतात आणि ‘थंड’ राहतात, असे २०१९ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून पुढे आले. छोट्या रुग्णगटातील निरीक्षणही त्याला अनुकूल होते. ही मांडणी इतकी सुबक होती की ती सिद्धांताप्रमाणे उद्धृत होऊ लागली. पुढील अभ्यासांत मात्र ती एकसारखी टिकली नाही, आणि आजही या उत्परिवर्तनाच्या चाचणीवरून कोणाला इम्युनोथेरपी द्यावी हे ठरविले जात नाही. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे सुचविले की, मेदयुक्त यकृतदाहातून उद्भवलेल्या कर्करोगात पीडी-१ अडविल्याने लाभ होत नाही; उंदरांत तर गाठी वाढल्या. त्याच अभ्यासातील तीन चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात विषाणूजन्य नसलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आयुर्मानाचा लाभ दिसला नाही. वर्षभराने हिमालय चाचणीत मात्र विषाणूजन्य नसलेल्या गटातही लाभ दिसला.

या परस्परविरोधी निष्कर्षांतून विज्ञान दुबळे ठरत नाही. स्वतःला दुरुस्त करीत राहणे हेच त्याचे बळ आहे. चिकित्सेचा रोख वेगळा आहे. उपगटांचे आकडे आणि उंदरांचे प्रयोग जेव्हा ‘रहस्य उलगडले’ अशा भाषेत वाचकापुढे येतात तेव्हा कथनाची सुबकता पुराव्याची जागा घेते. साहित्यात कथानकाची अतिसुबकता हा दोष मानला जातो; विज्ञानाच्या कथनालाही हा निकष लावण्यास हरकत नसावी.

५. कथनाबाहेरची माती

वर उल्लेखिलेल्या तिन्ही चाचण्यांत तुलनेसाठी एकच औषध होते : सोराफेनिब. २००८ मधील शार्प या ६०२ रुग्णांच्या चाचणीने त्याला मान्यता मिळवून दिली. त्यात आयुर्मानाचा मध्यांक ७.९ वरून १०.७ महिन्यांवर गेला होता. या औषधाचा भारतीय इतिहास रेण्वीय कथनात येत नाही, आणि तो महाराष्ट्रात घडला आहे.

नेक्सावार या नावाने विकल्या जाणाऱ्या या औषधाचे पेटंट बायर या कंपनीकडे होते आणि एका महिन्याच्या उपचाराची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. हैदराबादच्या नॅटको फार्माने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबई येथे पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी पेटंट कायद्याच्या कलम ८४ अन्वये भारतातील पहिला सक्तीचा परवाना दिला. औषध पात्र रुग्णांपैकी दोन टक्क्यांहून थोड्याच अधिक जणांपर्यंत पोहोचले होते, किंमत सामान्यांना परवडणारी नव्हती आणि पेटंटचा भारतात वापर झाला नव्हता, हे तीन निष्कर्ष त्या आदेशाचा पाया होते. नॅटकोला मासिक ८,८८० रुपयांत औषध विकण्याची, सहा टक्के स्वामित्वशुल्क देण्याची आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना ते विनामूल्य पुरविण्याची अट घालण्यात आली. अपिलात शुल्क सात टक्के झाले; जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. संशोधनावरील प्रचंड खर्चाचा कंपनीचा मुद्दा निराधार नव्हता. त्याविना नवे रेणू जन्माला येत नाहीत. पण ज्यांच्यापर्यंत रेणू पोहोचतच नाही त्यांच्यासाठी तो जन्माला आला काय आणि न आला काय, हा प्रश्न त्या आदेशाने कायद्याच्या भाषेत विचारला.

या इतिहासाचा वैज्ञानिक कथनाशी थेट संबंध आहे. चाचणीतील नवा उपचार सोराफेनिबपेक्षा किती सरस, हे आकडे सांगतात. त्यात तुलनेतील रुग्णाला सोराफेनिब मिळते हे गृहीत आहे. २०१२ च्या आदेशाची नोंद प्रमाण मानली तर त्या काळातील बहुसंख्य भारतीय रुग्णांसाठी तुलनेचा खरा गट ‘कोणतेही औषध नाही’ हा होता. शिवाय या चाचण्यांत मुख्यतः यकृताचे कार्य बऱ्यापैकी शाबूत असलेले, म्हणजे चाइल्ड-प्यू ‘अ’ वर्गातील रुग्ण घेतले गेले. पोटात पाणी झालेला, कावीळ झालेला, उशिरा दवाखान्यात पोहोचलेला रुग्ण त्यांत नाही. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा बेव्हॅसिझुमॅबमुळे फुटू नयेत म्हणून आधी दुर्बिणीने तपासणी आवश्यक असते. ती सोय तालुक्याच्या ठिकाणी असेलच असे नाही. चाचणीचा निष्कर्ष आणि वॉर्डातील रुग्ण यांच्यामधील हे अंतर कोणत्याही रेणूने भरून निघत नाही.

हे अंतर कमी करण्याचे काही प्रयत्न महाराष्ट्रातच झाले आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेऊन, अल्पखर्चाच्या तोंडी औषधांना दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी होती. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष जसाच्या तसा यकृताच्या कर्करोगाला लावता येणार नाही. परंतु ‘किती औषध पुरेसे आहे’ हा साधा प्रश्न विचारण्याचे धाडस त्यात आहे, आणि तो प्रश्न येथील परिस्थितीतूनच सुचू शकतो.

विदर्भाच्या संदर्भात मातीचा प्रश्न अधिकच मूलगामी होतो. सिरॉसिसची माती मद्य, विषाणू, मधुमेह आणि मेदयुक्त यकृत यांनी तयार होते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती लोकचळवळीतून १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविली गेली. या निर्णयांच्या बाजूने आणि विरोधात झालेली चर्चा महसूल, अवैध विक्री आणि स्त्रियांवरील अत्याचार यांभोवती फिरली. यकृत त्या चर्चेत क्वचितच आले. दुसरीकडे तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस-बी लस देण्यास सुरुवात केली आणि ६ ते १४ वर्षे वयोगटातील यकृत-कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लाख मुलांमागे ०.७० वरून १९९०-९४ पर्यंत ०.३६ वर आले. भारतात ही लस २००२ पासून काही भागांत आणि २०११ पासून देशभर नियमित लसीकरणात आली. कर्करोगाच्या ‘रेण्वीय चालकां’वरील सर्वांत यशस्वी घाव आतापर्यंत एका लसीने घातला आहे, आणि तो बी पेरले जाण्याआधी घातला आहे. टर्ट, टीपी-५३ आणि बीटा-कॅटेनिन यांच्यावर थेट काम करणारे मान्यताप्राप्त औषध यकृताच्या कर्करोगासाठी अद्याप उपलब्ध नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या विधानाचे वजन कळते.

नागपूरचे विभागीय कर्करुग्णालय आणि येथील विद्यापीठ ही दोन्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करतात. महाराजांचे १९६८ मध्ये कर्करोगानेच निधन झाले. त्यांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय योजिला. आरोग्य हे गावाच्या पाण्यात, अन्नात, सवयींत घडते, ही त्यांची भूमिका होती. रुग्णालय आणि विद्यापीठ यांनी एकच नाव घेतले असेल तर उपचार आणि अध्यापन यांच्यामधील भाषेचा दुवा जोडणे ही त्या नावाने टाकलेली जबाबदारी मानावी लागेल.

६. निष्कर्ष

या चिकित्सेतून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, युद्धाचे रूपक यकृताच्या कर्करोगाला लागू पडत नाही. कारण येथे रोग हा लांबलेल्या डागडुजीचा परिणाम आहे आणि त्याच्या रेणूंवर अन्न, विषाणू व राहणीमान यांचे ठसे आहेत. दुसरी, बी आणि मातीचे रूपक अजूनही समर्थ आहे, पण मातीचा अर्थ सूक्ष्मदर्शकाखालील ऊतीपुरता मर्यादित ठेवल्यास ते अर्धेच राहते. तिसरी, ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे उपचार’ ही शब्दयोजना चुकीची असून ती सोडून द्यावयास हवी. ‘प्रतिकारपेशींवरचा आवर काढणारे उपचार’ असे म्हटल्यास आशा आणि जोखीम दोन्ही एका दमात सांगता येतात. हे काम परिभाषाकोशांवर सोपवून भागणार नाही. महाविद्यालयांतील मराठी विभाग आणि प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असूनही क्वचितच एकमेकांचे मजकूर वाचतात. रुग्णांसाठीची माहितीपत्रके, संमतिपत्रे आणि समुपदेशनाची भाषा या दोघांनी मिळून तपासली तर तो बहुविद्याशाखीयतेचा अर्थपूर्ण प्रारंभ ठरेल.

संमतिपत्रावर सही करणाऱ्या माणसाला आपण कशाला संमती देत आहोत हे त्याच्या भाषेत कळणे हा त्याचा हक्क आहे. यकृताला काळीज म्हणणाऱ्या भाषेजवळ त्यासाठी लागणारे शब्द आहेत. ते रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्याचे काम मात्र अजून शिल्लक आहे.